पुढचं डावं चाक

"निवरत्ती, खरं सांग. मागल्या खेपंला पाइप नवा टाकला हुतास, का जुनाच पुसून बसीवलास?"

बापूमामा चिडून बोलले असते तर मीही चिडलो असतो आणि दोघांनाही बरं वाटलं असतं. पण ते माझ्या गॅरेजातल्या लोखंडी स्टुलावर बसून, हात गुडघ्यांवर ठेवून, अगदी हळू बोलले. मी त्यांच्या अँबॅसेडरच्या पुढच्या डाव्या चाकापाशी उताणा पडलो होतो आणि ब्रेकचं तेल थेंब थेंब माझ्या कॉलरमध्ये उतरत होतं.

"नवाच टाकला हुता, मामा. तुमच्याम्होरं त्याचा कागद फाडला की."

"मग?"

दोन वर्षांत तिसऱ्यांदा तोच पाइप, तोच नट आणि तेच चाक. तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, वाईत पाचगणी रस्त्याला माझं स्वतःचं गॅरेज होतं, आणि आपल्याला गाडीतलं सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीची त्या दिवशी पार दाणादाण उडाली.

बापूमामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. मी नऊ वर्षांचा असताना वडील गेले आणि मामा मला वाईला घेऊन आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. हौसामामीनं मला न्हाऊ-माखू घातलं, मामांनी गाडीचं काम शिकायला घातलं, आणि गॅरेज काढलं तेव्हा पहिली गाडी त्यांचीच उभी राहिली. ते वाई ते पाचगणी टॅक्सी चालवायचे. रोज सकाळी साडेसातला चार मास्तरणींना पसरणीचा घाट चढवून शाळेत सोडायचे आणि संध्याकाळी उतरवून आणायचे. वाईतले बाकीचे टॅक्सीवाले बापूंची गाडी कुठल्या गॅरेजात जाते ते बघून आपली गाडी तिथं न्यायचे. म्हणजे माझं दुकान त्या एका गाडीवर उभं होतं म्हणा ना.

आणि त्या गाडीचे ब्रेक टिकत नव्हते.

त्या काळच्या त्या गाड्यांत ब्रेकचं तेल एकाच वाटेनं चारी चाकांना जायचं. बोटापेक्षा बारीक लोखंडी पाइप. त्यातला एक फुटला की एका चाकाचा नाही, चारही चाकांचा ब्रेक गेला. पहिल्यांदा हा पाइप फुटला तो घाटातच, संध्याकाळी उतरताना, चार मास्तरणी गाडीत असताना. मामांचा पाय पेडलसकट फळीला जाऊन टेकला. त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कोंबली, हँडब्रेक ओढला आणि दगडी कठड्याला घासत घासत पन्नास फुटांवर उभी केली. कुणाला खरचटलंदेखील नाही. पण मास्तरणींपैकी एक बाई पुढचे दोन महिने एसटीनं गेली. त्या दिवशी मामांच्या ओसरीवर बसून मी खूप बोललो. माणूस घाबरला की बोलतो.

दुसऱ्यांदा फुटला तो दारातच, गाडी उभी असताना. आणि आता तिसऱ्यांदा मामांना चाकाखाली ओल दिसली, म्हणून ते गाडी हळूहळू पहिल्या गिअरमध्ये माझ्याकडे घेऊन आले होते.

"काढ," मामा म्हणाले. "माझ्यादेखत काढ."

काढायचा म्हणजे काय, हे ज्यानं गंजलेला ब्रेकचा नट काढलाय त्यालाच कळेल. पाना लावला, जोर दिला, पाना सटकला. नटाचा एक कोपरा गेला. रॉकेल सोडलं, पाच मिनिटं थांबलो, हातोडीनं हलकेच ठोकलं, परत पाना लावला. दुसरा कोपरा गेला. दातेरी पकड लावून पिळला, तर नट फिरायच्या ऐवजी नटासकट पाइपच पिळवटायला लागला. वर्षभरापूर्वी मी स्वतः बसवलेला नट! बसवताना त्याच्या आट्यांना ग्रीस लावलेलं मला पक्कं आठवत होतं.

"जुना हाय त्यो," मामा म्हणाले.

"एका वर्साचा हाय, मामा."

"मग असा का?"

मी उठलो आणि रागारागानं उजव्या बाजूच्या चाकाकडे गेलो. तिथला नट मूळ कंपनीतून आला तसाच, म्हणजे वीस वर्षांचा. पाना लावला आणि दोन बोटांनी ओढला. फिरला. मागच्या दोन्ही चाकांचे बघितले. एकाला थोडा जोर लागला, दुसऱ्याला तोही नाही. वीस वर्षांचे तीन नट लोण्यासारखे फिरत होते आणि एक वर्षाचा नट दगड झाला होता. मी तिथंच फरशीवर मांडी घालून बसलो.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"मला कळंना झालंय."

हे वाक्य मी गिऱ्हाइकासमोर आजवर उच्चारलं नव्हतं. मामांच्या भुवया वर गेल्या.

मग मी तर्क करायला लागलो. एक म्हणजे कुत्रं. चाक दिसलं की कुत्र्याला राहवत नाही, आणि त्यानं लोखंड सडतं हे खरं आहे. पण कुत्रं कितीही ताणून उभं राहिलं तरी मडगार्डच्या आत, टायरच्या वरपर्यंत कसं पोचणार?

"मामा, तुमच्या दारात कुत्री किती?"

"एक. ते बी म्हातारं. ते मागल्या चाकाला जातंय."

"नक्की?"

"मी काय त्याच्यावर राखण ठिवलीय व्हय?"

दुसरा तर्क बॅटरीच्या ॲसिडचा. पण बॅटरी लांब, आणि तिच्याखालचा पत्रा धड. तिसरा तर्क असा की कुणीतरी मुद्दाम काहीतरी ओततंय. स्टँडवरच्या टॅक्सीवाल्यांचे चेहरे मी एकेक करून डोळ्यांसमोर आणले. त्यातला एकही इतका कष्टाळू नव्हता.

शेवटी मी टॉर्च घेऊन मडगार्डच्या आत डोकं घातलं. पाइप जिथं पत्र्याला धरून बसवलेला असतो तिथं, नटाच्या भोवती, पांढरी खपली होती. चुन्यासारखी. नखानं खरवडली आणि, मेकॅनिकला असली घाणेरडी सवय असतेच, जिभेला लावली.

खारट.

परत खरवडली, परत लावली. खारटच. सरळ मिठासारखी.

"मामा, गाडी कोकणात नेली हुती का? समुद्राकडं?"

"मला पाचगणीच्या पल्याड न्हेणारं गिऱ्हाईक कुठलं मिळतंय?"

"मिठाची पोती? किराणा?"

"मास्तरणी न्हेतो मी. पोती न्हाय."

मी परत आत वाकलो. खपलीच्या खाली चिखलाचा थर होता आणि त्या चिखलात बारीक बारीक काळे दाणे रुतलेले. आधी वाटलं बेअरिंग फुटून छर्रे आलेत. पण ते चेपले की फुटत होते. उंदराच्या लेंड्या असाव्यात असं मनात आलं. पण अंगठ्यानं चुरडून वास घेतला, तर नाकात तिखट झणका आला. मोहरी.

मीठ आणि मोहरी. कढीपत्ता तेवढा राहिला होता.

आज हे कुणाला सांगितलं तर पहिल्या फटक्यात ओळखतात आणि माझ्याकडे बघून हसतात. मला मात्र त्या दुपारी काही म्हणजे काही सुचलं नाही. टायरच्या वर फोडणीचं सामान कशाला येईल, हाच विचार डोक्यात फिरत राहिला. आता वाटतं, मला कळून घ्यायचंच नसावं.

नट काढला तो असा. पाइप नटापासून अर्ध्या इंचावर करवतीनं कापून टाकला, म्हणजे नटावर पूर्ण सॉकेट बसवायला जागा झाली. तेल पुसून काढलं, ब्लो लॅम्पनं नट लाल होईपर्यंत तापवला आणि तापलेल्या नटाला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शिरतं. मग सॉकेट लावून दोन्ही हातांनी हळूहळू दाब दिला. घाई केली की नट तुटून अर्धा आतच राहतो, हे मी ज्यांच्याकडे काम शिकलो त्या उस्तादांनी शिकवलं होतं. शेवटी टक असा आवाज आला आणि नट सुटला. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्यानं हसलो. मामा हसले नाहीत.

या वेळी मी लोखंडी पाइप टाकलाच नाही, तांब्याचा टाकला. दोन्ही टोकं फुलासारखी पसरवली, अंगठ्यानं वळण दिलं, बसवला. उरलेले तीन पाइपही काढून नवे टाकले, नटांना ग्रीस लावलं. मग ब्रेकच्या तेलातली हवा काढायला मामा पेडलवर बसले आणि मी चाकापाशी.

"मारा. मारा. धरा."

"धरलंय."

"सोडू नगा."

"न्हाय सोडत. तू बघ तुझं."

चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा निघाली. पेडल दगडासारखं कडक झालं. मामा खाली उतरले, टोपी झटकली आणि म्हणाले, "ह्या खेपंला परत तसंच झालं, तर मी गाडी साताऱ्याला न्हेनार. राग मानू नगंस. चार बायामाणसं असत्यात माझ्या मागं."

"न्हाय मानत," मी म्हणालो. काय मानायचं हेच मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे फटफटताना मी मामांच्या घरी गेलो. न सांगताच. रात्रभर उभ्या गाडीचं तेल कुठं पाझरतंय का ते बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मला मामांच्या तोंडासमोर उभं राहायची लाज वाटत होती. न्हाणीत बादलीचा आवाज येत होता, म्हणजे मामा आंघोळीला होते. गाडी अंगणात उभी होती, उजवी बाजू भिंतीला लागून, डावी बाजू घराच्या दाराकडे. मी पोतं अंथरलं, गाडीच्या पुढून आत सरकलो आणि डोकं डाव्या चाकाच्या मागं नेऊन टॉर्च लावला. पाइप कोरडा होता. नट कोरडा. मी खूश होऊन तसाच पडून राहिलो.

तेवढ्यात दार वाजलं. जोडवी घातलेले दोन पाय पायरी उतरून चाकापाशी आले. हौसामामीचे पाय मी दहा हजारांत ओळखीन. ती काहीतरी पुटपुटत होती. आधी वाटलं देवाचं म्हणतेय.

"आल्यागेल्याची, वाटंवरच्याची, घाटातल्या झाडाझुडपाची… माझ्या मालकाच्या गाडीला लागली असंल ती…"

मग वरून पाणी आलं. मडगार्डच्या आतून, टायरवरून, नटावरून, आणि तिथून थेट माझ्या तोंडावर. डोळ्यांत गेलं, नाकात गेलं, तोंडात गेलं.

खारट.

मी ओरडलो. मामी किंचाळली. तांब्या फरशीवर पडून गडगडत गेला. मी डोकं आपटून घेत बाहेर आलो तेव्हा ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि माझ्या भुवयांना मोहरीचे दाणे चिकटले होते.

"अगं बया! निवरत्ती? तू गाडीखाली काय करतूयास?"

"मामी, तू काय करतीयास?"

"दिस्ट काढतीया. गाडीची."

"रोज?"

"रोज. त्येंची अंघूळ हुईस्तवर. त्येंनी बघितलं तर हसतील."

"आन् पाणी कशापायी?"

मामीनं मला सगळं नीट समजावून सांगितलं, मी अजून नऊ वर्षांचा असल्यासारखं. चूल होती तोवर ओवाळलेलं मीठ-मोहरी ती चुलीत टाकायची. आता घरात गॅस आला. अंगणात टाकावं तर येणारा-जाणारा ओलांडणार आणि त्याला बाधणार. म्हणून तांब्याभर पाण्यात कालवायचं आणि गाडीच्या चाकावर ओतायचं, आत, वरून, जिथं कुणाचा पाय पडणार नाही. दारातून हेच चाक जवळ, म्हणून हेच.

"कधीपास्नं?" मी विचारलं.

"दोन वरसं झाली की. ब्रेक गेला हुता न्हवं घाटात, तवापास्नं. एक दीस बी चुकला न्हाय." मग ती जरा अभिमानानं म्हणाली, "तूच न्हाय का म्हनालास?"

होय. मीच म्हणालो होतो.

त्या संध्याकाळी, मामा घाटातून जिवंत परत आल्यावर, ओसरीवर बसून मी जे खूप बोललो त्यात हे होतं: "पाइप चांगला हुता, मामी. मी म्हैन्यापूर्वी बघितला हुता. काय न्हाय, कुनाची तरी नजर लागली गाडीला. दिस्ट काढत जा तू." आणि सगळे मान हलवत होते.

महिन्यापूर्वी मी पाइप बघितला होता हे खरं होतं. चांगला होता हे खोटं. दिवाळीच्या सर्व्हिसिंगला गाडी आली तेव्हा चिखल साचून तेवढा एकच पाइप गंजलेला मला दिसला होता. मी पाना लावला. नटाचा कोपरा गेला, पाइप पिळवटायला लागला, आणि मी भ्यालो. तुटला तर पूर्ण पाइप बनवावा लागणार, सामान आणायला साताऱ्याला जावं लागणार, आणि मामा बाहेर खोळंबलेले, मास्तरणींची वेळ झालेली. मी पाना खाली ठेवला. गंजावर काळा रंग मारला. नव्यासारखा दिसायला लागला. मामांना म्हणालो, "घ्या, झाली गाडी."

मामीसमोर मी ओल्या तोंडानं उभा होतो. मला एवढंच म्हणायचं होतं, 'मीठ नको टाकूस, मामी, लोखंड खातं ते.' एवढं पुरलं असतं. गाडी वाचली असती, गॅरेज वाचलं असतं, सगळं वाचलं असतं. आणि मी तेवढंच म्हणालो.

मामीनं चाकाकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं.

"मीठ लोखंड खातंय?"

"व्हय."

"म्हंजी त्यो दुसरा फुटला त्यो…"

मी पडलेला तांब्या उचलला.

"आन् आत्ताचा?" ती पायरीवर खाली बसली. तिनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. "मीच? रोज सकाळी उठून मीच त्येंच्या…"

न्हाणीचं दार उघडलं. मामा पंचा गुंडाळून, ओल्या केसांनी बाहेर आले. बायको पायरीवर, भाचा मोहरी लावून उभा. "काय झालं रं?"

मला तेव्हा काय वाटलं ते सरळ सांगतो. मला पळून जावंसं वाटलं. पण मामी तिच्या हातांकडे बघत बसली होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे हात आहेत. याच हातांनी मला नऊ वर्षांचा असताना पहिल्यांदा आंघोळ घातली होती. मला ते बघवेना.

"मामी न्हाय," मी म्हणालो. "मी."

मग सगळं सांगितलं. दिवाळी, नट, रंग, ओसरीवर बोललो ते. सलग सांगितलं नाही, अडखळत, मागंपुढं करत सांगितलं. मामा पंचा धरून ऐकत होते.

"रंग लावलास?" ते म्हणाले.

"व्हय."

"काळा?"

"व्हय."

"चार बाया हुत्या माझ्या गाडीत, निवरत्ती."

एवढंच. ओरडले नाहीत, हात उगारला नाही. आत जाऊन कपडे घालून आले आणि दारात उभे राहिले. मी दारामागच्या खिळ्यावरची गाडीची किल्ली काढून त्यांच्यापुढं धरली, म्हटलं, साताऱ्याला न्या. ती त्यांनी घेतली नाही.

मामी उठली. स्वयंपाकघरात गेली, बरणीचं झाकण वाजलं, आणि ती परत आली तेव्हा तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. ती गाडीकडे गेली आणि डाव्या हातानं पुढचं दार उघडून बसली. पुढची जागा गिऱ्हाइकाची असं तिचं म्हणणं असायचं. इतक्या वर्षांत मी तिला तिथं कधी बसलेलं बघितलं नव्हतं.

"चल," ती मला म्हणाली. "घाटात. जिथं घासली हुती तिथवर."

"मामी, मास्तरणी…"

"साडेसातला त्या. आत्ता सव्वासा. तू चालीव."

मामा मागं बसले. कोण कुणाच्या बाजूनं आहे, मला शिक्षा होतेय की माफी, मला काही समजत नव्हतं. मी गाडी काढली. कठड्यावर मामांच्या गाडीचा पांढरा रंग अजून होता, एक लांब ओरखडा. मी तिथं थांबलो.

"फिरीव," मामी म्हणाली. "आन् उतर."

मी हळू उतरायला लागलो, दुसऱ्या गिअरमध्ये.

"त्ये चालवत्यात तसं चालीव."

मी तिसरा टाकला. गाडीनं वेग घेतला. वळण आलं तेव्हा माझ्या पायाला घाम फुटला होता, चपलेत पाय घसरत होता. मी पेडल दाबलं. ब्रेक लागले, चारही चाकांना, सरळ, गाडी इकडेतिकडे न ओढता. पुढच्या वळणावर परत. त्याच्या पुढच्या वळणावर परत. एकदा मी बाजूला बघितलं. मामी रस्त्याकडे बघतच नव्हती. दरीकडेही नाही. ती वाकून माझ्या पायाकडे बघत होती, पहिल्या वळणापासून.

खाली पसरणीत रस्त्याकडेला नळ होता. तिथं ती म्हणाली, "थांब."

मी थांबलो. मामी उतरली, नळापाशी गेली आणि मूठ उघडली. मीठ होतं. पूर्ण मूठभर, घामानं भिजून त्याचा गोळा झाला होता. ओवाळायला घेतलं होतं की आणखी कशाला, मला आजही ठाऊक नाही. तिनं ते नळाखाली धरलं. विरघळून जाईपर्यंत धरलं. मग हात पदराला पुसला आणि परत आली, ती या वेळी मागच्या दारानं. मामा उतरून पुढं माझ्या दाराशी आले. मी सरकलो, ते स्टिअरिंगवर बसले.

"मास्तरणी खोळंबत्याल," ते म्हणाले आणि गाडी सुरू केली.

वाई जवळ आली तेव्हा मामी मागून बोलली. आवाज अगदी रोजचा होता.

"नट निघत नसला तर निघत न्हाय म्हनावं, निवरत्ती. त्यात काय लाजायचं?"

मला तिथं रडू आलं. मामांनी ते बघितलं आणि काच खाली केली, वारा लागावा म्हणून.

मामांनी गाडी साताऱ्याला नेली नाही. तो तांब्याचा पाइप गाडी भंगारात जाईपर्यंत टिकला. पण मी ब्रेकला हात लावला की, नुसती हवा काढली तरी, मामी निरोप पाठवायची: 'पहिला घाट मी बी संगं उतरनार.' अकरा वर्षं. आधी ती चालत यायची, मग काठी घेऊन, शेवटची दोन वर्षं मी तिला उचलून पुढच्या जागेवर बसवायचो. मीठ ती परत कधी घेऊन आली नाही. दोन्ही हात मांडीवर मोकळे असायचे. आणि पहिल्या वळणापासून पसरणीच्या नळापर्यंत ती माझ्या पायाकडे बघत राहायची.